थंडी संपता संपता निवडुंग बुडातून सडतो: फेकण्याआधी उभा कापून बघा

बर्फ पडणाऱ्या भागात बाहेर वाफ्यात लावलेला काटक निवडुंग हिवाळाभर ठीक दिसतो. बर्फाखाली जातो, बाहेर येतो, अंगावर जरा जांभळी झाक चढते, पण काटे ताठ आणि आकार शाबूत. मग बर्फ वितळून दोन-तीन आठवडे होतात, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटायला लागतं, आणि एके सकाळी सहज बोटाने दाबून बघावं तर बोट सरळ आत जातं. आतला गर पिवळट-तपकिरी, पातळ, आंबूस वासाचा. "यंदाची थंडी सोसवली नाही त्याला" असं म्हणून आपण तो उपटून फेकतो, त्याच खड्ड्यात नवं रोप लावतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

मी सलग तीन वर्षं हे केलं. चौथ्या वर्षी मेलेला निवडुंग फेकण्याआधी सुरी घेऊन वरून खालपर्यंत उभा चिरला. त्या एका चिरेने जे दाखवलं ते तीन वर्षांत कळलं नव्हतं. तेव्हापासून जो निवडुंग मरतो त्याचं शवविच्छेदन होतंच.

आधी थंडीबद्दल. ओपन्शिया फ्रॅजिलिस हा अंगठ्याएवढ्या फुगीर फड्यांचा बुटका निवडुंग कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यात, ५६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, उघड्या उतारांवर वाढतो. एस्कोबॅरिया व्हिव्हिपारा मॅनिटोबापर्यंत पोचलेला आहे. ओपन्शिया पॉलिअकँथा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत, तर पेडिओकॅक्टस सिम्प्सोनी रॉकी पर्वतरांगांत उंचावर भेटतो. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. आणि हीच झाडं उणे ५ च्या मवाळ हिवाळ्यात, रोज रिपरिप पावसाच्या बागेत सडून जातात. त्यांच्या मूळ गावी हिवाळा कडक असला तरी कोरडा असतो, हा फरक.

दिवस लहान होऊन रात्री गार पडायला लागल्या की काटक निवडुंग आपल्या अंगातलं पाणी कमी करतो. उरलेला रस घट्ट आणि चिकट होतो, त्यात साखर वाढते. मग गोठण झालीच तर बर्फ पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो आणि पेशी फुटत नाहीत. पण मुळं पाण्यात बसलेली असतील तर हे सुकणं पूर्ण होतच नाही. शिवाय गारठ्यात मुळं जवळजवळ बंद असतात, जखमेवर खपली धरत नाही, आणि मातीतल्या बुरशीला नेमकी हीच संधी हवी असते.

कापण्याआधी एक खात्री करून घ्या: झाड खरंच काटक जातीचं आहे ना? कापसासारख्या पांढऱ्या ठिपक्यांचा ओपन्शिया मायक्रोडेसिस किंवा सोनेरी काट्यांचा मोठा गोल निवडुंग घरातच बरा. कलम केलेली झाडंही फसवतात. वरचा भाग उणे २० सोसणारा असेल, पण खालचा हिरवा तिकोनी खुंट बहुतेक वेळा हायलोसिरियस या उष्ण प्रदेशातल्या वेलीसारख्या निवडुंगाचा असतो आणि तो पहिल्याच दहिवराला (गोठलेल्या दवाला) पाघळतो. एकाच जातीतही मूळ ठिकाणाने फरक पडतो. दक्षिणेकडच्या उष्ण प्रदेशातल्या बियांचं रोप आणि उत्तरेकडच्या मैदानातल्या बियांचं रोप यांना एकच नाव असेल, पण थंडी सोसण्याची ताकद एक नसते. घेताना "कुठल्या बियांचं?" हे विचारायला लाजू नका.

आता चीर.

फड्या निवडुंग हाताळायचा तर चामडी हातमोजे घालू नका. मोठे काटे त्यांनी अडतात, पण बारीक कुसं मोज्यात रुतून बसतात आणि पुढचे सहा महिने मोजा घातला की तुम्हालाच टोचतात. वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी करून झाडाभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून उचला, किंवा स्वयंपाकघरातला लांब चिमटा कायमचा बागेला देऊन टाका. झाड मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट उचलायचं. माती झटकू नका, ती पुराव्याचा भाग आहे. सुरी स्पिरिटने पुसून शेंड्यापासून मुळापर्यंत मधोमध एकच चीर द्या. तपकिरी रंग कुठे सर्वांत गडद आहे आणि कुठे फिका होत गेला आहे ते बघा. गडद ती सुरुवात.

मुळांपासून वर चढलेली कूज

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, आणि माझंही हेच निघालं. मुळं काळी, सोललेल्या दोऱ्यासारखी, बुडाचा गर पातळ, वर जाता जाता रंग निवळत गेलेला, शेंडा अजून हिरवा. पण मला खरा धक्का दिला तो मातीच्या गोळ्याने. वाफा मी स्वतः खडी घालून केला होता आणि आजूबाजूची खडी कोरडी खडखडीत होती. तिच्या मधोमध मात्र मुळांभोवती कुंडीच्याच आकाराचा काळा गोळा जसाच्या तसा होता, रोपवाटिकेतून आला तसा. मुठीत दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी गळलं. तो होता पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा. मुळं त्या गोळ्याबाहेर जेमतेम बोटभर गेली होती.

बाहेर एवढी खडी असून पाणी गोळ्यातच का राहिलं? भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून खडीच्या ढिगावर आडवा ठेवा. थोडं ठिबकून थांबेल. खाली मोकळी खडी असूनही स्पंज ओलाच. आता तोच स्पंज उभा धरा, खालच्या टोकातून आणखी पाणी गळेल. बारीक छिद्रांचा पदार्थ पाणी धरून ठेवतो आणि शेजारच्या जाड कणांना ते सहजी देत नाही. वरच्या पाण्याचं वजन पुरेसं झालं तरच सोडतो. मुळांभोवतीचा पीट म्हणजे आडवा स्पंज. कुंडीच्या किंवा खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर देण्याची जुनी सवयही याच कारणाने निरुपयोगी आहे. त्या थराने निचरा वाढत नाही, ओल उलट मुळांच्या जवळ सरकते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. नवं रोप आणलं की मुळांभोवतीचं मिश्रण पूर्ण काढायचं. आधी काडीने मोकळं करा, मग कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून हळूहळू धुवा. मुळं उघडी पडल्यावर रोप सावलीत हवेशीर जागी आठवडाभर कोरडं ठेवा, म्हणजे तुटलेल्या टोकांवर खपली धरेल. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने. उघड्या मुळांचं झाड आठ-पंधरा दिवस राहतं का, या काळजीने लोकांची झोप उडते. निवडुंग राहतो. बिनधास्त राहतो.

मिश्रण मी असं करतो: ३ ते ६ मिलिमीटरची टोकदार खडी दोन भाग, भरड वाळू एक भाग, बागेतली साधी माती एक भाग. शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट काहीच नाही. गुळगुळीत बारीक वाळू टाळा, ती मातीत मिसळून सिमेंटसारखी घट्ट बसते.

दुसरी चूक जागेची. चिकणमातीत खड्डा खणून त्यात खडी भरली की निचरा झाला, असं वाटतं. प्रत्यक्षात तो हौद होतो. चारी बाजूंची माती पाणी अडवते आणि आजूबाजूचा पाऊसही त्याच खड्ड्यात उतरतो. खात्री करायची तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाला दोन-अडीच सेंटिमीटरही पाणी उतरत नसेल तर त्या जमिनीत खाली जाऊ नका, वर चढा: जमिनीच्या पातळीवर २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचा वरंबा करा, कडेला दगड लावा, आणि एका बाजूला उतार ठेवा. वरंबा तयार झाल्यावर भरपूर पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी बोटभर उकरून बघा. मूठ आवळून सोडल्यावर मिश्रण विस्कटायला हवं. लाडू वळला तर खडी कमी आहे.

मुळं पांढरी, शेंडा हिरवा, कूज फक्त मानेला

म्हणजे जमिनीच्या रेषेवर. इथे मातीतल्या ओलीचा दोष कमी आणि मानेभोवती साचलेल्या कचऱ्याचा जास्त. शरदात उडून आलेला पाला काट्यांत अडकतो, बर्फाखाली त्याचा लगदा होतो आणि तो ओला लगदा तीन महिने मानेला बांधून ठेवल्यासारखा राहतो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं चालू झालं की तिथली साल चिरते आणि बुरशी आत शिरते. भुसा, सालींचे तुकडे, गवत यांचं आच्छादन निवडुंगाच्या वाफ्यात नकोच. त्याऐवजी ३ ते ५ सेंटिमीटर खडीचा थर द्या, आणि लावतानाच झाड थोडं उंच ठेवा, म्हणजे मुळं मातीत आणि मान खडीत राहील. थंडीआधी लांब चिमट्याने पाला वेचून काढा. काम किचकट आहे आणि शिव्या येतात तोंडात, तरी करा.

शेंडा काळा, खालचं सगळं घट्ट

पावसाळी उन्हाळ्यात किंवा खताच्या जोरावर उशिरा फुटलेली कोवळी वाढ पहिल्या कडक दहिवराला गोठली. तिची तयारीच झाली नव्हती. नत्राचं खत द्यायचंच तर वाढीच्या सुरुवातीला, अगदी बेताने. पहिलं दहिवर अपेक्षित असेल त्याच्या सहा-आठ आठवडे आधीपासून पाणी पूर्ण बंद. झाड अर्धतहानलेलं थंडीत जायला हवं. या कारणाने काळवंडलेलं झाड सहसा वाचतं, काळा भाग घट्ट भागापर्यंत छाटून टाका.

एकाच बाजूला पिवळट-तपकिरी डाग, कोरडा आणि कडक

ही कूज नव्हे. बर्फ नसलेल्या थंडीत दुपारचं तिरपं ऊन एका बाजूला भाजतं, त्याच वेळी माती गोठलेली असल्याने मुळं पाणी पुरवू शकत नाहीत. डाग पुन्हा हिरवा होणार नाही, पण झाड जगेल. त्या बाजूला एखादा दगड किंवा हिवाळ्यापुरती सावलीची जाळी पुरे. फड्यांच्या अगदी तळाचा करडा, बुचासारखा भाग तर रोगही नव्हे, ते वय आहे.

मुळं जमिनीवर, झाड आडवं

गोठण्या-वितळण्यात माती फुगते आणि उथळ मुळांचं नवं रोप वर ढकललं जातं. शरदात लावलेल्या रोपांचं हे हमखास होतं, कारण त्यांना मुळं पसरायला वेळच मिळत नाही. लागवड दहिवराचे दिवस संपल्यावर करा, म्हणजे सगळा उन्हाळा हाताशी राहतो. एवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात असं माझं मत आहे.

आणि एक प्रकार असा की झाड मेलेलंच नसतं. माझ्या एका मित्राने ओपन्शिया ह्युमिफ्यूझाचा मोठा ताटवा "सगळा लोळला" म्हणून खणून टाकला. फडे सुरकुतलेले, जांभळट, जमिनीला चिकटलेले. कचऱ्याच्या ढिगावर तेच फडे दीड महिन्याने फुगून उभे राहिले आणि कळ्याही आल्या. ही जात थंडीत अशीच पसरते. पाणी सोडून देण्याची ती तिची रीत. एस्कोबॅरिया आणि पेडिओकॅक्टस तर आक्रसून जवळजवळ जमिनीच्या पातळीला जातात. ओळखायची खूण सोपी: सुरकुतलेला फडा चामड्यासारखा चिवट लागतो, दाबलेला खड्डा हळूहळू भरतो, वास नसतो. कुजलेला फडा बुळबुळीत, अर्धपारदर्शक, आणि उचलला की सांध्यात सुटतो. शंका असेल तर थांबा. सुरकुत्या बघून दयेपोटी पाणी घालणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण गार मातीतलं ते पाणी मुळं पीत नाहीत, बुरशी पिते.

वरून पाणी अडवावं का? हिवाळा कोरडा आणि बर्फाचा असेल तर काही नको. कोरड्या बर्फाचा थर हे उत्तम पांघरूण आहे, झाडू घेऊन साफ करू नका. हिवाळा पावसाचा असेल, पारा शून्याच्या खालीवर होत असेल, तर छप्पर हवं. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्याचा तुकडा चार खुंट्यांवर तिरपा बसवा, पाणी वाफ्याबाहेर पडेल असा उतार द्या, आणि चारही बाजू उघड्या ठेवा. प्लॅस्टिक गुंडाळणाऱ्यांशी माझं भांडण आहे: आत वाफ साचते, ऊन पडलं की झाड जागं होतं, आणि रात्री तीच ओल गोठते. शरदाच्या पावसाआधी छप्पर लावा, वाढ सुरू झाली की काढा. ज्यांना छपराचा कंटाळा आहे त्यांनी चिली-अर्जेंटिनातल्या अँडीजकडचा माय्हुएनिया पोएपिगी लावून बघावा. हिरव्या उशीसारखा वाढतो, आणि थंडीतली ओल इतरांपेक्षा बरीच सहन करतो. निचरा त्यालाही लागतोच.

बुरशीनाशकाबद्दल नेहमी विचारणा होते. वाफ्यात औषध ओतून चाललेली कूज थांबल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. कापणं हाच उपाय.

वाचवायचं असेल तर वरून खाली नव्हे, खालून वर काप घेत जा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसायची, नाहीतर आपणच रोग वर नेतो. कापलेल्या चकतीच्या मधोमध एक गोल कडं दिसतं, त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. बाकी गर स्वच्छ हिरवा-पांढरा असला तरी त्या कड्यात केशरी-तपकिरी ठिपका असेल तर कूज पुढे गेलेली आहे, आणखी कापा. ठिपका नाहीसा झाल्यावरही एक जादा चकती काढा. कापावर गंधकाची भुकटी लावली तर चांगलं, नसेल तरी चालतं. सावली आणि वारा यांना मात्र पर्याय नाही. फड्याचा घाव एक-दोन आठवड्यांत सुकतो, जाड गोल निवडुंगाला तीन आठवडेही लागतात. खपली नखाने टकटक वाजली की कोरड्या खडीत दोन-तीन सेंटिमीटर रोवा आणि उबदार जागी ठेवा. ओपन्शियाचा फडा जवळपास हमखास धरतो. एकिनोसिरियस या दुसऱ्या काटक निवडुंगाचा भरवसा निम्मा. पेडिओकॅक्टसचा शेंडा मी दोनदा लावून पाहिला आणि दोन्ही वेळा वाळून गेला.

मेलेल्या झाडाभोवतीची हातभर रुंद माती काढून टाका, तिथे नवी खडी भरा, आणि तो हंगाम जागा रिकामी ठेवा. खणताना मातीत जुन्या कुंडीचा गोळा, पाल्याचा लगदा किंवा हौदासारखं साचलेलं पाणी सापडलं तर तुमचं उत्तर मिळालं. काहीच सापडलं नाही तर वर छताची पागोळी पडते का ते बघा. एका वाफ्यात दर वर्षी एकच कोपरा मरत होता, त्याचं कारण मला असं मान वर केल्यावर सापडलं.

पाणी पुन्हा कधी सुरू करायचं, ते झाडच सांगतं. रात्रीचा पारा आठवडाभर ५ अंशांच्या वर राहिला, फडे आपोआप उचलायला लागले आणि कडेला लालसर टोकं फुटली, की पहिलं पाणी द्या. ती टोकं चपटी असली तर नवे फडे, गोल फुगीर असली तर कळ्या.